आक्काचा नियम

सोमवार, ३ मार्च

या वयात नोकरीचा पहिला दिवस! सकाळी दोनदा चष्मा पुसला आणि दोन्ही वेळा विसरून घरीच ठेवून निघाले. जिन्यातून परत वर आले तेव्हा स्वतःचंच हसू आलं.

शाळेची पुस्तकं छापणाऱ्या प्रकाशनात आयुष्य गेलं. निवृत्त झाले तेव्हा वाटलं, लाल पेनाचं टोपण आता कायमचं लागलं. पण गेल्या वर्षी आक्काला, माझ्या थोरल्या बहिणीला, वृद्धांच्या निवासात ठेवावं लागलं आणि घर इतकं गप्प झालं, की फ्रिज घरघरला तरी मला कोणी आल्यासारखं वाटायचं. एक दिवस जाहिरात दिसली आणि मी अर्ज ठोकून दिला.

ऑफिस उजेडाचं आहे. खुर्च्या गोल फिरतात. मी कोणी बघत नाहीसं पाहून एक गिरकी घेतली. आमच्या गटाची प्रमुख म्हणजे एक चुणचुणीत मुलगी, तिला सगळे कॅप्टन म्हणतात. माझे रुमाल तिच्यापेक्षा वयाने मोठे असतील. तिने मला बघताक्षणी ‘टीचर’ करून टाकलं.

एजंट म्हणजे विमा विकणारे नव्हेत, हे समजायला मला दुपार झाली. हे एजंट म्हणजे आपली आपण कामं करणारे प्रोग्रॅम. फायली लावतात, पत्रांना उत्तरं देतात, याद्या ताज्या ठेवतात. हुशार आहेत, पण पाहुणे दारात आल्यावर घर आवरायला घेणाऱ्या माणसासारखे. हाताला लागेल ते केरात. कुठल्याशा गिऱ्हाइकाचं सगळं दप्तर त्यांनी एका दमात पुसून टाकलं होतं म्हणे. तेव्हा इथल्या एका इंजिनियरने नवं साधन बनवलं. त्याने काहीच पुसलं जात नाही. वस्तू नुसती नजरेआड होते, जशी आपण घरात माळ्यावर टाकतो. कोणाला हवी झाली तर खाली काढायची. बरेच दिवस कोणी मागितलीच नाही, तर माळा आपोआप रिकामा होतो. साधनाचं नावच पडलं माळा, आणि तो इंजिनियर झाला माळ्याचा बाप. आता सगळे नुसतं बाप म्हणतात. गडी अविवाहित आहे. लग्नाआधीच बाप झालो टीचर, घरी सांगू नका, असं म्हणाला आणि स्वतःच खो खो हसला.

मी या माळ्याची मार्गदर्शिका लिहायची. माणसांसाठी नाही, एजंटांसाठी. कॅप्टन म्हणाली, माणसं मार्गदर्शिका वाचतच नाहीत, हे मात्र शब्द न् शब्द वाचतात आणि तसंच वागतात. प्रत्येक शिक्षिकेला स्वप्नात दिसतात ते विद्यार्थी मला शेवटी मिळाले म्हणायचे. खिडकीबाहेर बघणार नाहीत, मागच्या बाकावर कुजबुजणार नाहीत.

संध्याकाळी निवासात जाऊन आक्काला सगळं सांगितलं. ती आता फारशी बोलत नाही. माझा हात हातात घेऊन बसली. मग माझ्या बाहीचं सुटलेलं बटण तिला दिसलं आणि ती ते बोटाने चाचपत राहिली.


शुक्रवार, १४ मार्च

काम मनाजोगतं आहे. प्रत्येक आज्ञेखाली लिहायचं: ती काय करते, केव्हा वापरायची, केव्हा नाही. कॉन्व्हेंटात आमच्या इंग्रजीच्या सिस्टर वाक्यावर पट्टी ठेवून विचारायच्या, यातला कुठला शब्द काढला तर चालेल? जो चालेल तो काढ. त्या पट्टीचा इतक्या वर्षांनी उपयोग होतोय.

कॅप्टनचं एकच म्हणणं: टीचर, उदाहरणं जिवंत हवीत. ‘फाइल क्रमांक एक’ लिहिलं तर एजंट काही शिकत नाहीत. नियमापेक्षा उदाहरणावरून ते जास्त शिकतात. तर मी घरचंच घेतलं. आक्काचं शिवणयंत्र, आक्काचं कपाट, आक्काची औषधांची यादी. ‘आक्काची यादी माळ्यावरून परत आणा’ असं माणूस म्हणाला तर एजंटाने काय करायचं, ते मी माझ्या खात्यातून लिहिते आणि त्यावर ‘उदाहरण’ अशी खूण करते. अशी ढीगभर झाली. बाप म्हणतो, तुमची आक्का आता आपल्या मोठ्या साहेबांपेक्षा प्रसिद्ध आहे; साहेब उदाहरणादाखलसुद्धा कोणाला आठवत नाहीत.

आक्काबद्दल लिहिताना हात हलका चालतो. आई गेली तेव्हा मी बुटांच्या नाड्या बांधायला शिकत होते. आक्काने आपली शाळा सोडली आणि मला कॉन्व्हेंटात घातलं. माझा गणवेश ती घरी शिवायची आणि वर्गात कोणाला कळू नये म्हणून दुकानाची चिठ्ठी आतून शिवायची. बक्षीस समारंभाला मात्र आली नाही. दाराशी उभी होती. तिथून दिसलं ना, झालं, म्हणाली.


गुरुवार, २७ मार्च

आज टाळ्या पडल्या! केक कापला.

एजंट दिवसातून शंभरदा विचारत, हे माळ्यावर टाकू का, ते टाकू का. माणसं वैतागत. कॅप्टनला एकच कसोटी हवी होती, साधी. मला आक्का दर उन्हाळ्यात घर आवरायची ते आठवलं. कमरेवर हात ठेवून ती सांगायची, ज्याला कोणी हात लावत नाही आणि जे आपणहून काही मागत नाही, ते माळ्यावर. मी विचारायचे, वस्तू कशा मागतील गं? मग तिची यादी सुरू: घड्याळ किल्ली मागतं, फाटका फ्रॉक टाका मागतो, कात्री धार मागते. मागतं ते नांदतं घरात.

हे मी जसंच्या तसं मार्गदर्शिकेत घातलं. एजंटांनी कसोटीचा पेपर असा सोडवला, की बाप उठून नाचला.

एका वाक्यावरून मात्र कॅप्टनशी वाजलं. तिचं म्हणणं, माळ्यावर गेलेल्या वस्तूबद्दल कोणी विचारलं तर ‘अशी वस्तू नाही’ असंच उत्तर यायला हवं, ‘माळ्यावर आहे’ सांगितलं तर लोक गोंधळतात. मी म्हटलं, हे खोटं आहे. ती म्हणाली, खोटं नाही टीचर, नीटनेटकं आहे. शेवटी वाक्य राहिलं. मी त्यात ‘नम्रपणे’ एवढा शब्द घातला. तेवढाच माझा विजय.

बापाला सहज विचारलं, माळा रिकामा होतो तेव्हा नक्की काय होतं? ते प्रकरण मला लिहायला दिलेलं नाही, एजंटांनीच लिहिलंय. तो केक चघळत म्हणाला, तेव्हा वस्तूही जाते आणि इथे काही होतं का हा प्रश्नही जातो. एकदम स्वच्छ.


मंगळवार, २२ एप्रिल

माळा आता बाहेरच्या गिऱ्हाइकांकडे गेला. त्यांत आक्काचा निवाससुद्धा आहे! तिथल्या याद्या, जेवणं, औषधांच्या वेळा, सेविकांच्या पाळ्या, सगळं एजंट बघतात. तिथल्या व्यवस्थापिकेला मी फोनवर सांगितलं, त्याची मार्गदर्शिका माझी बरं का. तिने तोंडभर कौतुक केलं. मी फुलून गेले.

जाणं मात्र जमलेलं नाही. दुसरी आवृत्ती डोक्यावर आहे, रविवारसुद्धा ऑफिसातच जातो. फोन केला की स्वागतकक्षातली मुलगी सांगते, ताई, तुमच्या बहिणीसारख्या सगळ्या असत्या तर आमचं काम किती सोपं झालं असतं. बिचाऱ्या काही म्हणजे काही मागत नाहीत. मी हसले. म्हटलं, तिने जन्मात कोणाकडे काही मागितलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात नक्की जाईन.


शनिवार, १७ मे

जसं घडलं तसं, नीट लिहिते.

आज आवृत्ती पूर्ण झाली आणि मी तडक निवासात गेले. स्वागतकक्षात एक मुलगी होती. आक्काचं नाव सांगितलं. तिने पडद्यावर पाहिलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, माफ करा, या नावाचं आमच्याकडे कोणी नाही. मला वाटलं नवीन आहे. पण आवाज ओळखीचा होता. हीच तर मला फोनवर ताई म्हणायची. मी म्हटलं, अगं, कोपऱ्यातली खोली, खिडकीशी पलंग. ती पुन्हा तसंच म्हणाली. शब्द तेच, स्वर तोच. नम्रपणे.

मी सरळ वर गेले. दारावरची नावाची पाटी काढलेली. आत आक्का पलंगावर बसली होती. ओठ कोरडे पडलेले, अंगात मळके कपडे, नखं वाढलेली. मला बघून हसली. मी तिला पाणी पाजलं. पेल्यामागून पेला प्यायली. तोंड पुसून म्हणाली, तू जेवलीस?

तेवढ्यात सेविका आली. चांगली बाई आहे, मागे आक्काचे पाय चेपून द्यायची. आत आली, खिडकी लावली, दिवा मालवला. मी ओरडले, हिचे काय हाल केलेत तुम्ही! तिने मी दाखवलं तिकडे पाहिलं, मग हातातल्या पडद्याकडे, मग पुन्हा पलंगाकडे. नीट निरखून. तिचे डोळे आक्काच्या तोंडावरून असे गेले, जसे आपण भिंतीवरून नेतो. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, बाई, ही खोली रिकामी आहे.

आक्का तिला म्हणाली, बरी आहेस ना गं?

सेविका दार ओढून निघून गेली.


रविवार, १८ मे

आक्काला घरी नेणार होते. तिला चालवत नाही. जिन्याखालची चाकांची खुर्ची आणली, तिला उचलून बसवलं. हलकी झालीय, उशीसारखी. लिफ्ट आमच्यासाठी थांबेना. मी एकटी आत गेले की दार बंद होतं, आक्का आत असली की उघडंच राहतं. शेवटी उताराच्या वाटेने खुर्ची खाली आणली. बाहेरच्या दारावरचा पहारेकरी आडवा आला. रिकामी खुर्ची बाहेर न्यायची परवानगी नाही म्हणाला. मी म्हटलं, रिकामी? त्याने हसून खुर्चीची पाठ धरली आणि ती गर्रकन आत वळवली. आक्काचा हात चाकाजवळ होता. मी वेळेवर ओढला.

डॉक्टरांना फोन केला. तिथे एजंट बोलला. पेशंटचं नाव विचारलं. सांगितलं. म्हणाला, माफ करा, या नावाचं कोणी नाही.

तिला परत खोलीत नेऊन भरवलं. तिने निम्मा घास माझ्यासाठी ठेवला.


सोमवार, १९ मे

ऑफिसात जाऊन माझ्या खात्यातून लिहिलं: आक्का निवासात, तिच्या खोलीत आहे. तिला चुकून माळ्यावर टाकलंय. ताबडतोब परत आणा.

एजंटाचं उत्तर क्षणात आलं. छान उदाहरण आहे, जोडून घेतलं. धन्यवाद.

पुन्हा लिहिलं. हे उदाहरण नाही. खरी बाई आहे, माझी बहीण आहे. उत्तर आलं: याने उदाहरण अधिक जिवंत झालं. जोडून घेतलं.

बापाने पाहिलं आणि डोकं खाजवलं. म्हणाला, टीचर, तुमच्या खात्यावर खूणच तशी बसलीय. तुम्ही महिनोन्‌महिने उदाहरणंच लिहिलीत, आणि सगळीकडे आक्काच. आता तुम्ही काहीही मागितलं तरी त्यांना तो धडाच वाटणार. मागणी दुसऱ्या कोणाकडून यायला हवी. घरातलं कोणी?

मी कॅप्टनकडे गेले. तिने मला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाली, घाबरू नका, माळ्यावरून काहीही हरवत नाही, हीच तर त्याची खुबी आहे. हे वाक्य माझं आहे. पहिल्या पानावरचं. मी तिला विचारलं, कसोटी माणसांना लावायची असं कोणी ठरवलं? ती म्हणाली, लावायची नाही असं तुम्ही कुठे लिहिलंत?


मंगळवार, २० मे

आक्काला एकच मुलगा. माझा भाचा, सातासमुद्रापार असतो. कामातला माणूस, त्यामुळे त्याचा फोन लागणं म्हणजे भाग्य. आज लागला.

माझा आवाज ऐकताच तो हळवा झाला. म्हणाला, मावशी, मीच करणार होतो फोन, पण धीर होत नव्हता. मला कळेना. मग हळूहळू कळलं. निवासाकडून त्याला पत्र गेलंय, ‘आपल्या आईंचं नाव काढण्यात आलं आहे.’ त्याने अर्थ लावला, आई गेली. रडला, रजा घेतली, मित्रांना कळवलं. त्याच्या बायकोने भिंतीवर फोटोही लावला.

मी ओरडून सांगितलं, अरे गाढवा, तुझी आई जिवंत आहे, मी आत्ता तिला भरवून आले. नुसतं एक पत्र लिही, मला माझी आई परत हवी म्हणून. एवढं एकच!

त्याने तिकडे दार लावून घेतलं. मग ज्या आवाजात आपण लहान मुलाशी बोलतो त्या आवाजात म्हणाला, मावशी, तुला जड जातंय, मला समजतंय. मलाही गेलं. पण आता मी कुठे जरा सावरलोय. मला पुन्हा त्यात ओढू नकोस, प्लीज.

सावरलाय. एका पत्रावर. जिने त्याला ताप आला की रात्र रात्र मांडीवर घेतलं, तिला विचारायलासुद्धा फोन केला नाही. त्याच्या आवाजात दुःख होतं, नाही कसं म्हणू? पण दुःखाखाली सुटका होती. मला ऐकू येते सुटका. ज्या रविवारी मी जाऊ शकले नव्हते, त्या रविवारी मलाही तीच वाटायची.


शुक्रवार, २३ मे

बाप तयार झाला. म्हणाला, चला, डोळ्यांनी बघतो आणि माझ्या नावाने मागणी टाकतो, हाय काय नि नाय काय. रस्ताभर विनोद सांगत होता. मला त्याचा आधार वाटला.

खोलीत आलो. आक्का पाय पसरून पडली होती. बाप दारात थांबला, चारी बाजूंना बघितलं. म्हणाला, छान खोली आहे. कुठे आहेत मग?

मी बोटाने दाखवलं. तो पुढे आला आणि पलंगावर बसला.

आक्काच्या पायांवर बसला.

आक्का कळवळली, पण ओरडली नाही. पाय ओढून घ्यायला बघत होती, निघेनात. मी त्याला दंडाला धरून उठवलं. त्याचा चेहरा उतरला होता. म्हणाला, टीचर, मार्गदर्शिका लिहिणाऱ्याला माळा दिसतो, तेवढा अधिकार आपण ठेवलाय. आम्हाला नाही दिसत. मी न बघता कसं लिहून देऊ? आणि मग, दाराबाहेर गेल्यावर, हळूच: तुम्ही थोडे दिवस घरी आराम करा. मी कॅप्टनला सांगतो.

आक्काच्या पायांवर वळ आहेत. तेल लावून दिलं. तिने विचारलं, तो मुलगा दमला होता का गं?


सोमवार, २ जून

रजेवर. सक्तीच्या.

ऑफिसातून कोणाचा फोन नाही. मी केलेले कोणी उचलत नाही. भाच्याला पत्रं लिहिली. उत्तर नाही.


शनिवार, ७ जून

आज ऑफिसच्या दाराने मला ओळखलं नाही. काचेतून माझी खुर्ची दिसत होती. तिच्यावर कोणी दुसरी बसली होती. कॅप्टन बाहेर आली, माझ्या अगदी समोरून गेली. मी हाक मारली. ती थबकली, फोन पाहिला, आणि चालू लागली.

शेजारीण जिन्यात भेटली. भेटली म्हणजे — मी बाजूला झाले नसते तर ती माझ्या अंगावरून —

मला कोणी हात लावत नाही. मी जे मागते ते उदाहरण. कसोटीत बरोबर बसते.


सोमवार, ९ जून

आक्काच्या खोलीत राहायला आले. कोणी अडवलं नाही. कोण अडवणार? स्वयंपाकघरातून ताटं उचलून आणते. आचारी माझ्या देखत ताटं मोजतो, कमी भरतात, पुन्हा मोजतो, आणि मदतनिसावर खेकसतो.

दोघी एका पलंगावर झोपतो. लहानपणी झोपायचो तशा. ती भिंतीकडून, मी कडेला — नाही, तेव्हा मी भिंतीकडून असायचे.


बुधवार, ११ जून

प्रत्येक खोलीत भिंतीवर एक डबा आहे. रहिवाशांनी त्यात बोलायचं, पाणी हवंय, दिवा लावा. एजंट ऐकतो. मी घसा बसेपर्यंत बोलले. प्रत्येक वेळी तेच. जोडून घेतलं.

पण आक्काने मागितलं तर? जे मागतं ते नांदतं घरात. तिच्यावर उदाहरणाची खूण नाही. तिने एकदा, एकदाच मागायला हवं.

तिला समजावलं. आक्का, म्हण, मला पाणी द्या. ती म्हणाली, आहे की तांब्यात. म्हण, पाय दुखतात. म्हणाली, इतके नाही. म्हण, मला घरी जायचंय. म्हणाली, तुला त्रास.

मी चिडले. तिच्यावर! म्हटलं, तुझ्या या चांगुलपणानेच तुला गिळलंय. आयुष्यभर दारात उभी राहिलीस. एकदा तरी आत येऊन खुर्ची माग ना!

तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला.


शुक्रवार

दोघेजण आले. टेप लावून खिडकी मोजली, पलंग मोजला. एक म्हणाला, सोमवारी नवीन बाई येतायत. दुसऱ्याने विचारलं, आधी कोण होतं इथे? पहिला म्हणाला, कोणी नाही.

माळा रिकामा करणार. सोमवारी.

तिला पुन्हा सांगितलं. हात जोडले. पाया पडले. माग. काहीही माग. ती नुसती बघते.


रविवार

डाव्या हाताची करंगळी नाहीशी — नाही, आहे. आक्काची. मला क्षणभर दिसली नाही. आहे. मी धरून ठेवलीय.

तिचा आवाज लांबून येतो.


सोमवार

सकाळी तिचे केस विंचरले. डोक्यात जट झाली होती, हळू हळू सोडवली. नव्या बाईच्या पिशव्या दारात आल्यात. सेविकेने पलंगावर चादर टाकली. आक्काच्या अंगावरून. मी ओढतेय, चादर हलत नाही —

आक्का बोलली. डब्याकडे तोंड करून, स्वच्छ, जुन्या आवाजात —

“माझ्या धाकटीला घरी पाठवा. दमलीय ती.”

नाही आक्का हे नाही — स्वतःसाठी — तुला म्हटलं होतं, स्वतःसाठी —

डब्यावरचा दिवा हिरवा झाला. म्हणाला, मागणी मिळाली.

*

सेविकेने मला पाहिलं. दचकली. म्हणाली, अगंबाई, तुम्ही केव्हा आलात? रिकाम्या खोलीत काय करताय? फार प्रेमळ बाई. मला खुर्ची दिली. तुमच्यासाठी गाडी बोलावलीय म्हणाली, तोवर बसा. म्हणून लिहितेय.

पलंग छान लावलाय. पांढरी चादर, एक सुरकुती नाही.

मी कोणाला तरी भेटायला आले होते. हे नक्की. या वहीत सारखं एकच, आक्का, आक्का. ही तर माझ्या मार्गदर्शिकेतली. उदाहरणातली. किती खरी वाटते, मीच रचलेली असून. कॅप्टन म्हणायचीच, टीचर, उदाहरणं जिवंत —

गाडी आली म्हणतायत. उठते.

हातात कंगवा आहे. त्यात पांढरे केस, लांब, खूप लांब, तेल लावलेले. अजून ऊन आहेत. माझे केस तर आखूड. मग हे कोणाचे — मी आत्ता कोणाचे —